युटाचं नेढं

वीझेनबाख, ९ मार्च

प्रिय युटा,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या आईचं नाही म्हणून दचकू नकोस. ती ठणठणीत आहे. आत्ता खाली अंगणात, मी सकाळी रचलेली लाकडं काढून ती पुन्हा स्वतःच्या पद्धतीनं रचतेय, त्यावरून काय ते समज.

आपली ओळख म्हणावी तर एका वाक्याची. तुझ्या आईच्या आणि माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू नॉर्वेला, त्रोम्सोला परत निघालीस. स्टेशनवर मी तुझी बॅग उचलायला पुढं झालो आणि तू म्हणालीस, "राहू द्या, हार्म्ससाहेब." मी राहू दिली. त्यानंतर तू इकडं आली नाहीस. नाताळात तुझ्या आईला, लोटेला, तुझा फोन येतो तेव्हा मी तळघरात जाऊन बटाटे निवडतो, म्हणजे तुम्हाला मोकळेपणानं बोलता यावं. पण तुम्ही फार काही बोलत नाही, बटाटे निम्मेसुद्धा होत नाहीत.

तेव्हा हे पत्र आगाऊपणाच आहे. पण माझं एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाकडून होण्यासारखं नाही.

तुझी आई हल्ली एका जागेबद्दल फार बोलते. तू नऊ वर्षांची असताना तुला आणि तुझ्या बाबांना रानात एक नेढं सापडलं होतं म्हणे, खडकाला आरपार पडलेलं, माणूस ताठ उभा राहील एवढं. एर्विन इथल्या पायवाटांची देखभाल करायचे, साऱ्या मुलखातल्या झाडांवर त्यांनी खुणा रंगवल्या, प्रत्येक खडकाला नकाशावर नाव मिळवून दिलं, पण हे नेढं तुम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही. घरात त्याचं नाव होतं, युटाचं नेढं. लोटेला तुम्ही एकदाच नेलंत, तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, आणि तेही ओढ्यापासून पुढं डोळ्यांवर एर्विनचा मफलर बांधून. ती अजून हसत सांगते की बापलेकीनं मला पोत्यासारखं वर ओढलं. वर गेल्यावर मफलर सोडला तेव्हा त्या भोकातून पलीकडचं सगळं रान दिसलं, आणि असं काही मी आयुष्यात पाहिलं नाही, म्हणते.

तिला तिथं पुन्हा जायचंय. आत्ताच का, असं विचारशील. बर्फ गेलंय, पाय शाबूत आहेत, एवढं कारण पुरे. एर्विन नाहीत, म्हणजे वाट फक्त तुला ठाऊक. दोन ओळींत लिहून पाठवशील का?

बाकी घर ठीक. तुझ्या आईला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकडी वाटतेय. मी ओळंबा लावून दाखवला, चौकट सरळ आहे. तरी ती म्हणते वाकडी. संध्याकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. माझे उत्तरेकडचे उच्चार ऐकून तिला हसायचं असतं, म्हणून.

या पत्राचं तिला सांगितलेलं नाही.

एन्नो हार्म्स


वीझेनबाख, २१ एप्रिल

प्रिय युटा,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल नॉर्वेत बर्फात अडकलं असेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग आम्ही आपले आपणच शोधायला निघालो.

तुझ्या आईला जे आठवतं ते असं: ओढा ओलांडताना दगड डगमगत होते. मग रानलसणीचा वास. मग चढ, आणि डाव्या हातानं चाचपलेली खडकाची भिंत, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. एवढ्यावर आम्ही तीन रविवार रान तुडवलं. इथल्या कुठल्याही ओढ्यात दगड डगमगतात, एप्रिलमध्ये प्रत्येक ओहोळात रानलसूण असते आणि एकूणएक खडकाला भोकं आहेत. मी ज्या बेटावरच्या फेरीबोटीवर नोकरी केली तिथं सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे गाय. त्यामुळे मला इथला हरेक खडक पुढच्या खडकासारखाच दिसतो, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

पण चाललो छान. बीच झाडांना नुकती पानं फुटलीत, खाली सगळा हिरवा उजेड. तुझी आई माझ्या मागून चालते, माझ्या पिशवीचा पट्टा धरून. मी फार भरभर जातो म्हणून, असं ती म्हणते. मी वाटेत सांगत राहतो, इथं मूळ आहे, इथं पायरी आहे. ती म्हणते, "मला माहीत आहे, माझा जन्म इथला आहे." आणि तरी पट्टा सोडत नाही.

दुसऱ्या रविवारी हेल्मा भेटली, तिच्या कुत्र्याला घेऊन. तुला आठवत असेल, तुझ्या वर्गातल्या ग्रेगोरची आई. ती आता गिरीभ्रमण मंडळाची अध्यक्ष आहे.

"काय रे एन्नो, इथं कुठला समुद्र शोधतोयस?"

"रस्ता चुकलोय," मी म्हटलं.

"ते नेहमीचंच. लोटे, तू तरी याला सांभाळ. गेल्या महिन्यात यानं खूण उलट्या बाजूला रंगवली, आणि म्हाताऱ्यांची एक अख्खी सहल चर्चऐवजी कचऱ्याच्या डेपोवर पोचली."

हे खरं आहे. एर्विनचं काम आता मी करतो, तुला कुणी सांगितलं नसेल तर. दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात याच लोकांनी माझ्या हातात पोतं दिलं होतं आणि मला शिंगं असलेली कोंबडी पकडायला रानात उभं केलं होतं. इथं प्रत्येक नवख्याची अशीच थट्टा करतात. मी बराच वेळ उभा होतो. मग डब्यातला ब्रश हातात आला तेव्हा त्यात काय वावगं वाटणार.

लोटेला मी रंगवलेल्या पट्ट्या आवडतात की नाही माहीत नाही. हल्ली ती त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

उत्तराची वाट बघतो.

एन्नो


वीझेनबाख, १७ मे

प्रिय युटा,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण तू लिहिलंस याचा आनंद झाला, ओळींमध्ये काय होतं ते सोड.

तू लिहितेस, "हार्म्ससाहेब, ती जागा बाबांची आणि माझी आहे. मंडळाला पाहुण्यांसाठी नवीन काहीतरी हवंय हे मी ऐकलंय. तुम्ही बाबांच्या खुणांवर रंग फासलातच, निदान एवढं तरी राहू द्या."

आधी मंडळाचं. हेल्माला नवीन वाट हवी आहे हे खरं, तिनं त्यासाठी बाकंसुद्धा मागवलीत. पण नेढ्याबद्दल तिला आमच्याकडून अवाक्षर कळलेलं नाही आणि कळणार नाही. लोटेनं तुम्हा दोघांना शब्द दिला होता. तो ती मोडेल असं तुला वाटत असेल तर तू तुझ्या आईला विसरलीस.

आता रंगाचं. मला याचा राग आला नाही, पण एकदा सांगायला हवं. बीचची साल ताणते. झाड जाड होतं तशी पट्टी रुंद होते, फाटते, शेवटी तिचा नुसता डाग उरतो. एर्विनसुद्धा दर काही वर्षांनी तीच पट्टी पुन्हा रंगवायचे. मी नाही रंगवल्या तर काही वर्षांत तुझ्या बाबांच्या वाटा कुणाला सापडणार नाहीत. त्यांची जागा मी कधीही बदलत नाही. चुकून बदलली ती एकदाच, तो डेपोचा प्रसंग. माझ्या पट्ट्या थोड्या कललेल्या येतात, हलत्या बोटीवर उभं राहून काढल्यासारख्या. त्याला इलाज नाही.

रंगवताना मी एर्विनशी बोलतो कधीकधी. म्हणजे फार काही नाही. "इथं कशाला काढलीत हो, इतक्या वर, आता मला शिडी आणावी लागणार," असलं काहीतरी. ज्या माणसाच्या घरात राहतो, ज्याच्या खुर्चीत बसत नाही पण ज्याच्या खिळ्यावर टोपी अडकवतो, त्याच्याशी इतपत बोलायला हवं असं मला वाटतं.

वाट सांगायची नसेल तर नको सांगूस. मी पुन्हा विचारणार नाही. कधीतरी लिहीत जा मात्र. त्रोम्सोत आता रात्र होत नसेल ना? तू शिकवतेस त्या शाळेतली पोरं झोपतात कशी?

एन्नो


वीझेनबाख, २४ जून

प्रिय युटा,

घाबरू नकोस, संकट टळलंय. पण आता मला काही लपवता येणार नाही. लोटेला दिलेला शब्द मी या पत्रात मोडतो आहे, आणि ते तिला आजच सांगणार आहे.

मंगळवारी मी दाताच्या डॉक्टरांकडे शहरात गेलो होतो. परत आलो तर घर रिकामं. काठी नाही, रानात जायचे बूट नाहीत. ती एकटीच बसनं गेली होती, नेढं शोधायला. दोन फाटे येतात तिथं तिला दिशेची पाटी वाचता आली नाही, ती भलत्याच ओहोळात उतरली, घसरली आणि तिथंच बसून राहिली. हेल्मानं तिला आधी त्या फाट्यावर लांबून पाहिलं होतं, म्हणून घरी फोन करत होती आणि कुणी उचलत नव्हतं. मग तीच कुत्र्याला घेऊन मागं फिरली. डावं मनगट मोडलंय. बाकी खरचटण्यावर निभावलं.

शेवटी तिचा फोन मला घरी मिळाला. मी तिथं पोचलो तेव्हा हेल्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती पाटी हातानं चाचपत होती, एन्नो. अक्षरांवर बोटं फिरवत होती. मला वाटलं गंमत करतेय. तू सांगायचं नाहीस का?"

तर ते सांगतो. तुझ्या आईची नजर जातेय. सगळी नाही, पण मधली. जिथं रोखून बघावं तेवढंच पुसलं जातं, कडा राहतात. उजव्या डोळ्यातलं गेलं, डाव्यातलं चाललंय. सरळ रेघा आधी वाकतात, तिची दाराची चौकट ती हीच. दर महिन्याला डोळ्यात सुई घेते. त्यानं वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. ताटाची कड तिला दिसते, मधला कलेजीचा गोळा दिसत नाही. ती काट्यानं तो हुडकते आणि म्हणते, आज कुठं पळाला रे हा. पेपर मी वाचतो तो माझ्या उच्चारांसाठी नाही, हे तुला कळलंच असेल.

तुला कळवू नको असं तिनं मला हिवाळ्यातच बजावलं होतं. मी म्हटलं, "लेक आहे ती तुझी." तर म्हणाली, "म्हणूनच. सांगितलं तर ती कीव येऊन येईल. मला तिची कीव नको, मला ती हवी आहे."

मी काय करणार होतो, सांग. मला वाटलं निदान ती जागा तरी शोधून देऊ, डाव्या डोळ्यात उजेड आहे तोवर.

आता एक मागणं आहे, वाटेचं नाही. तिला फोन कर. मला काही लिहू नकोस, काही सांगू नकोस, वाट सांगायची तर तिला सांग, किंवा काहीच सांगू नकोस, नुसता फोन कर. माझ्यामुळे तुझी अडचण होत असेल तर मी बाहेर जाईन, बटाटे भरपूर आहेत.

एन्नो


वीझेनबाख, १९ ऑगस्ट

प्रिय युटा,

तुझं तिकीट झालं हे ऐकलं. लोटेनं मला ते सांगितलं नाही, मांजराला सांगितलं. मी तुला कळवलं म्हणून ती अजून अधूनमधून रागावते आणि तेव्हा आमचा संसार मांजराच्या मध्यस्थीनं चालतो. "त्याला म्हणावं, पाव संपलाय." मांजर माझ्याकडे बघतं, मी पाव आणायला जातो.

पण तुझा पहिला फोन आला त्या दिवशीचं सांगायला हवं. मी बागेत जाऊन बसलो होतो, खिडकी मात्र उघडी राहिली. आधी तिचं रडणं. मग तुझी आई म्हणाली, "नवा कोट कशाला घेतेस? मला थोडाच दिसणार आहे," आणि मग ती इतकी हसली की तिकडं तूही हसत असणार हे मला बागेत कळलं. मी घेवड्याच्या वेलाला दोनदा पाणी घातलं.

वाट फोनवर सांगता येत नाही, पायांनाच ठाऊक आहे, असं तू म्हणालीस म्हणे. बरं झालं.

आता तू येण्याआधी दोन गोष्टी.

एक. स्टेशनवर ती तुझ्या तोंडाकडे बघणार नाही. तुझ्या कानाच्या पलीकडं, बाजूला कुठंतरी बघेल. तुला वाटेल ती अजून मनात अढी धरून आहे. तसं नाही. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझ्या चेहऱ्याच्या जागी करडा ठिपका येतो. बाजूला बघितलं की तू तिला दिसतेस. ती जेवढी दुसरीकडं बघेल तेवढी तुलाच बघत असेल.

दोन. मी तो आठवडाभर किनाऱ्यावर माझ्या बहिणीकडे जाऊ शकतो. तिला सांगून ठेवलंय, खोली रिकामी आहे. मला वाईट वाटणार नाही. विचार करून कळव.

एन्नो


वीझेनबाख, ६ ऑक्टोबर

प्रिय युटा,

तू सुखरूप पोचलीस, चिंता मिटली. या पत्रात तुला ठाऊक असलेलंच सगळं आहे, पण लोटेचा हुकूम आहे. "त्या रविवारचं सगळं लिहून काढ, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखव. मला पुन्हा ऐकता येईल." तेव्हा कंटाळू नकोस, हे तिच्यासाठी आहे, आणि मीही त्यात थोडा डोकावलो तर चालवून घे.

स्टेशनवर तुझ्या आईनं चॉकलेटच्या यंत्राकडे बघत म्हटलं, "केस पांढरे झाले की गं तुझे." तू म्हणालीस, "आई, तुला दिसलं?" ती म्हणाली, "कडेचं सगळं दिसतं. कानाजवळ तर फारच." तू हसलीस, मग तुझा चेहरा वेडावाकडा झाला. तेव्हा मी बॅग उचलली. तू या वेळी ती उचलू दिलीस.

मी किनाऱ्यावर जाऊ का, याचं तू उत्तर दिलं नव्हतंस, म्हणून मी पिशवी भरून ठेवली होती. पहिल्या रात्री जेवताना तू विचारलंस, "ती दाराजवळची पिशवी कुणाची?" लोटे म्हणाली, "या शहाण्याची. त्याला वाटतं तो अडचण आहे." तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आईचा हात धरायला दोघं लागतील." एवढंच. मी पिशवी वर नेऊन ठेवली.

रविवारी आपण बसनं गेलो. चेस्टनट गळायला लागली होती, वाटेवर काटेरी बोंडं पडली होती, आणि लोटे ती बुटाच्या टोकानं उडवत चालली होती, शाळकरी पोरीसारखी. तू पुढं, मध्ये ती, मागं मी. ओढ्यापर्यंत तू अगदी ठाम होतीस. पलीकडं गेल्यावर मात्र थांबलीस.

तुझा चेहरा मी विसरणार नाही. तुझ्या आठवणीत तिथं स्प्रूसचं दाट रान होतं, उंचच्या उंच, आणि त्यातल्या एका दुहेरी बुंध्याच्या झाडापाशी वळायचं होतं. तिथं आता उघडा उतार होता. सालकिड्यानं सगळं खाल्लं, मग तोडलं. झाडांच्या जागी ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं, लाकडं ओढायचा रस्ता, गुडघ्याएवढे कोवळे भूर्ज. तू इकडं गेलीस, तिकडं गेलीस. लोटे विचारत होती, "सापडलं का?" आणि तू "हो, इथंच असणार," म्हणत होतीस, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेवटी तू एका खोडावर बसलीस आणि म्हणालीस, "नाही. मला ओळखू येत नाही. काहीच राहिलेलं नाही इथं."

मी पाव आणि चीज काढलं. भुकेल्या पोटी निराश होऊ नये, असं बोटीवर आम्ही मानायचो.

पाव खाता खाताच ते निघालं. मला वाटतं ते तिथंच निघायचं होतं, घरात निघालं नसतं. तू कुणाकडेही न बघता म्हणालीस, "दीड वर्ष, आई. बाबांना जाऊन दीडच वर्ष झालं होतं."

मी उठायला लागलो. लोटेनं माझी बाही धरली. "बस. तुझ्याबद्दल चाललंय, तू कुठं निघालास?"

मग ती तुला म्हणाली, "दीड वर्ष मी दोन ताटं मांडत होते आणि एक उचलून ठेवत होते. तू फोनवर विचारायचीस, जेवलीस का. जेवले म्हणायचे. एका माणसाचं सूप किती करायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, युटा. उरायचं, ते फेकायचे. मग समुद्रावर गेले तर बोटीवर हा भेटला. ऊन आहे का वारा आहे एवढंच बोलला दिवसभर. मला बरं वाटलं."

"मला विचारलं तरी असतंस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि मी तुझं ऐकलं असतं. मग जन्मभर तुझ्यावर धुसफुसत राहिले असते. त्यापेक्षा म्हटलं तूच रागाव. तुझा राग मला परवडला."

"मला नाही परवडला," तू म्हणालीस. उठलीस आणि तरातरा चढायला लागलीस, वाट नाही, काही नाही, सरळ काट्यांतून. मी मागं जायला निघालो तर तुझी आई म्हणाली, "जाऊ दे. रागात असली की तिला चढ लागत नाही. लहानपणापासून." आणि तिनं उरलेला पाव खाल्ला. तुझ्या वाटणीचा.

झुडपांचा आवाज लांब गेला, मग थांबला. बराच वेळ काही नाही. मला काळजी वाटायला लागली होती. मग वरून तू हाक मारलीस, "आई." ओरडून नाही. नेहमीच्या आवाजात, पण ती खाली स्पष्ट ऐकू आली.

तू खाली आलीस तेव्हा हात रक्तानं भरले होते, आणि तू हसत होतीस. म्हणालीस, "सापडलं. मी बाबांशी भांडले होते. विसरलेच होते मी. त्या दिवशी त्यांनी मला खोडावर चढू दिलं नाही म्हणून रुसून मी अशीच वर पळाले होते. ते नेढं आम्ही दोघांनी शोधलं असं बाबा जन्मभर घरात सांगत राहिले. शोधलं वगैरे काही नव्हतं, मी पळून जात होते आणि ते माझ्या मागं धावत आले."

लोटे म्हणाली, "एर्विननं मला हे कधी सांगितलं नाही."

"मीच नको म्हटलं होतं त्यांना."

मग आपण तिला वर नेलं. तू पुढून हात धरलास, मी मागून कमरेला आधार दिला. तिचं मनगट अजून दुखत होतं, पण तिनं ते सांगितलं नाही. मध्येच ती म्हणाली, "तेव्हाही असंच ओढलं होतं, पोत्यासारखं," आणि मग, "फक्त तेव्हा माझं वजन कमी होतं."

भिंत भोकाभोकांची होती, डाव्या हाताला, तिला आठवत होती तशीच. ती भिंत वळली, आणि खडक एकदम संपून त्यात आभाळ आलं.

वर पोचता पोचता मी शेवटच्या टप्प्यावर थांबलो. थर्मासचं झाकण नीट बसलंय का ते बघत होतो. ते नीट बसलं होतं, पण ती जागा तुमची होती. तू तिला नेढ्यासमोर उभं केलंस. ती एका बाजूला बघायला लागली, डावीकडच्या वाकड्या पाइन झाडाकडे. तू म्हणालीस, "आई, नेढं इकडं आहे." ती म्हणाली, "माहीत आहे गं. गप्प बस जरा." ती त्या झाडाकडे बघत राहिली, मान किंचित कलती करून, कितीतरी वेळ. तू तिच्याकडे बघत होतीस. पलीकडं टेकड्या, एकीच्या मागं एक, शेवटच्या निळ्या. मी तिथून काय दिसतं ते तिला सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती म्हणाली, "लाल आहे. वरच्या बाजूला काळं. पलीकडं धुकं आहे की धूर?"

"धुकं," तू म्हणालीस.

"मग बरोबर."

मला वाटलं होतं खडकावर कुठंतरी तुमची नावं कोरलेली असतील. मी नंतर हात लावून पाहिलं. काही नव्हतं. साऱ्या मुलखात खुणा करत फिरलेल्या माणसानं तिथं एक रेघ ओढलेली नाही.

मग तू मागं वळून म्हणालीस, "एन्नो, खाली काय करताय त्या थर्मासशी? वर या ना, इथं वारा कमी आहे." तू नाव घेतलंस हे तुझ्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं. मी वर आलो. चहा पुरेसा गरम नव्हता, त्याबद्दल तुम्ही दोघींनी मला पुरतं सोलून काढलंत.

तू गेल्यावर मंगळवारी हेल्मा आली, नवीन वाईन आणि कांद्याचा खारा केक घेऊन. "रविवारी पिशव्या घेऊन कुठं गेला होतात सगळे?" मी काही बोलण्याआधी लोटे म्हणाली, "यानं रस्ता चुकवला. दिवसभर काट्यांत फिरवलं आम्हाला. पोरीचे हात बघायला हवे होतेस." हेल्मानं पुढं एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे बघून मान हलवली आणि मला केकचा मोठा तुकडा दिला.

डॉक्टरांकडे गुरुवारी जाऊन आलो. डावा डोळा गेल्या महिन्याएवढाच आहे. ते म्हणाले, असाच राहिला तर चांगलं म्हणायचं. नाताळात तू येतेस तेव्हा बर्फ असलं तर वर जाता येणार नाही, पण ती ऐकणार नाही, तेव्हा चांगले बूट आण.

हे सगळं मी आज तिला वाचून दाखवलं. सुपाच्या जागी तिनं मला थांबवलं आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. चहाबद्दलचं खोटं आहे म्हणाली, चहा गरम होता, ती आणि तू उगीच चिडवत होतात. मी ते बदललेलं नाही.

वर मी थांबलो होतो तेव्हा ती तुझ्या कानाशी काहीतरी बोलली होती. मी ते विचारलं नाही. पण पत्र संपवून सही करणार तेवढ्यात तिनं पेन मागितलं. दोन वर्षांत तिनं काही लिहिलेलं नाही. कागद टेबलाच्या कडेला ओढला, खिडकीकडे बघितलं आणि लिहीत राहिली. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, एक तर कागद सोडून टेबलावरच गेली. मी म्हटलं, नीट लिहून देऊ का पुन्हा. ती म्हणाली, "तुला लिहिलेलं नाहीये ते."

तेव्हा तिचं खाली तसंच ठेवतो. मी वाचलेलं नाही. अक्षर तू लावशील.

एन्नो